ईमेलवरचा होकार म्हणजे मतदान नव्हे

अमेरिकेतील घरमालक संघांमध्ये (आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायट्यांसारख्या, घरांच्या मालकांच्या संस्थांमध्ये) एक समज बरीच वर्षे फिरतो आहे: २००० च्या संघीय ई-साइन कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता दिली, म्हणून संचालक मंडळाने साध्या ईमेलवर मते मागवली तरी चालतात. हा समज चुकीचा आहे. केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून सही नाकारता येणार नाही, एवढेच तो कायदा सांगतो. मतदान कसे घ्यायचे, हे राज्याचा कायदा आणि संघाचे उपविधी ठरवतात.

फ्लोरिडात ऑनलाइन मतदानाला सदस्याची संमती लागते, आणि उपविधींनुसार संचालकांची निवड गुप्त मतदानाने होत असेल, तर मतदाराची ओळख पटवल्यानंतर ती मतपत्रिकेपासून कायमची वेगळी करणारी यंत्रणाही लागते. ईमेलमध्ये मात्र नाव आणि मत एकत्रच सचिवासमोर येते. मला हीच सर्वांत गंभीर त्रुटी वाटते, कारण ज्याच्या विरोधात मत दिले, त्याच्याच शेजारी मतदाराला पुढेही राहायचे असते.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, संघाने तसा निवडणूक नियम केल्यास, इलेक्ट्रॉनिक गुप्त मतदान घेता येते. मात्र नियमित किंवा विशेष आकारणीच्या, म्हणजे सदस्यांकडून घ्यायच्या वर्गणीच्या, प्रश्नावर ते चालत नाही, आणि सदस्याला कागदी मतपत्रिकेचा पर्याय खुला ठेवावा लागतो.