स्वीडिश कादंबऱ्या आणि ती 'अंधारा'ची थिअरी

स्वीडिश कादंबऱ्यांतली माणसं आतल्या आत एवढी कुढतात कारण तिकडे अर्धं वर्ष अंधार असतो आणि आत्महत्याही जगात सगळ्यात जास्त तिथेच, हे किती वर्षं फिरतंय देव जाणे. आत्महत्यांचं आधी निकालात काढू. १९६० मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी एका भाषणात देशाचं नाव न घेता तसा टोमणा मारला आणि ते जास्तच पसरलं, प्रत्यक्षात आज स्वीडनचा दर युरोपच्या सरासरीच्या आसपास आहे.

आता अंधार. याल्मार सोडरबर्गची १९०५ ची 'डॉक्टर ग्लास' सुरू होते जूनच्या उकाड्यात, म्हणजे स्टॉकहोमला रात्रीसुद्धा धड काळोख होत नाही तेव्हा! पाद्र्याची तरुण बायको डॉक्टरला सांगते की नवरा जबरदस्ती करतो, मग हा डॉक्टर डायरीत स्वतःशीच वाद घालत बसतो, मारू का, मला हक्क काय, आणि शेवटी त्या पाद्र्याला विषाची गोळी देतोच.

खरी मजा पुढे आहे. २००४ मध्ये बेंग्ट ऊलसनने 'ग्रेगोरियस' लिहिली, तीच गोष्ट पण त्या पाद्र्याच्या तोंडून, आणि ज्याचा आपण मनापासून राग केला तो एकदम एकटा, घाबरलेला म्हातारा निघतो, मग डॉक्टरचा न्याय बरोबर होता की नाही हे परत पहिल्यापासून. त्या वर्षीचा 'ऑगस्ट' हा स्वीडनमधला मोठा साहित्य पुरस्कार तिलाच मिळाला. यात हवामान कुठे आलं? वाचायच्याच असतील तर आधी ग्लास, मग ग्रेगोरियस, उलट क्रमाने नको.