सफोकची जुनी छायाचित्रे आणि चित्रपोस्टकार्डे

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक काउंटीच्या स्थानिक इतिहासाचे एक प्रमुख साधन. इथला किनारा समुद्र सतत खात आला आहे. त्यामुळे काही रस्ते, कडे आणि इमारती आता फक्त काचेच्या निगेटिव्हांत आणि अर्ध्या पेनीच्या कार्डांत उरल्या आहेत. काउंटीच्या अभिलेखागाराचे मुख्य केंद्र इप्सविचमधील ‘द होल्ड’ येथे आहे. बरी सेंट एडमंड्समधील स्पँटन-जार्मन संग्रहात तिथल्या एकाच स्टुडिओच्या निगेटिव्हा आहेत. इप्सविचचा जुना चेहरा छायाचित्रकार विल्यम विकच्या चित्रांत दिसतो. छायाचित्रकार पी. एच. इमर्सनने १८८० च्या दशकात टिपलेले शेतकरी आणि कोळीही महत्त्वाचे आहेत. मात्र इमर्सन कलावंत होता, चित्रातली माणसे तो मांडून घेई, एवढे ध्यानात ठेवावे.

कालनिश्चिती. एका कार्डाला तीन तारखा असतात: निगेटिव्ह घेतल्याची, कार्ड छापल्याची आणि टपालात टाकल्याची. बहुतेक चुका या तिन्ही एकच मानल्यामुळे होतात. दुकानदार जुना साठा दहा-पंधरा वर्षे विकत राही, म्हणून टपालशिक्क्यावरून इतकेच कळते की चित्र त्या दिवसाच्या आधीचे आहे.

छपाईचा काळ पाठीवरून ठरतो. ब्रिटनमध्ये साधे पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८७० ला आले (भारतात १८७९ मध्ये, पाव आण्याला). खासगी प्रकाशकांच्या चित्रकार्डांवर तिकीट चिकटवून पाठवण्याची मुभा १ सप्टेंबर १८९४ पासून मिळाली. सुरुवातीची कार्डे आखूड, सुमारे ११५ × ८९ मिलिमीटरची. १४० × ८९ चा आकार १८९९ अखेरीस रूढ झाला. १९०२ पर्यंत पाठीवर फक्त पत्ता लिहायचा, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला कोंबलेला दिसतो. त्या वर्षी पाठ उभ्या रेघेने दुभंगली. कार्डाच्या टपालाचा अर्ध्या पेनीचा दर ३ जून १९१८ ला एक पेनी झाला, १९२१ मध्ये दीड पेनी आणि १९२२ मध्ये पुन्हा एक पेनी. म्हणून ‘अर्ध्या पेनीचे तिकीट लावा’ असे छापलेले कार्ड बहुधा १९१८ पूर्वीच्या छपाईचे असते.

निगेटिव्हची तारीख मात्र चित्रातच शोधावी लागते. रायगेटच्या फ्रिथ आणि डंडीच्या व्हॅलेंटाइन या कार्डप्रकाशक कंपन्यांनी चित्रांना दिलेले क्रमांक वर्षाशी जुळवता येतात. व्हॅलेंटाइनच्या नोंदवह्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात आहेत. क्रमांक नसेल तर खुणा पाहाव्यात. साउथवोल्डच्या दीपस्तंभाचे बांधकाम १८८७ मध्ये सुरू झाले आणि तो १८९० मध्ये पेटला. तिथला धक्का १९०० मध्ये खुला झाला, त्याचे इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे आडवे टोक १९३४ च्या वादळात वाहून गेले. मोटारींच्या नंबरपाट्या १ जानेवारी १९०४ पासून सक्तीच्या झाल्या: पूर्व सफोक ‘बीजे’, पश्चिम सफोक ‘सीएफ’, इप्सविच ‘डीएक्स’. मासेमारी नौकांवरचे ‘एलटी’ म्हणजे लोवेस्टॉफ्ट. त्यापुढचा आकडा नौकांच्या नोंदवहीत सापडला की तारखेचा फेर बराच आवळता येतो.

छपाई ओळखणे. दहापट भिंग पुरते. ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसली तर हाफटोन. वेड्यावाकड्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर कोलोटाइप. काहीच न फुटता छटा सलग राहिल्या तर खरा फोटो. खऱ्या फोटोच्या काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, चांदीची झाक चढलेली असते. दुकानाच्या पाटीवरची अक्षरे वाचायची तर खरा फोटोच हवा. हाफटोन कितीही मोठा केला तरी ठिपकेच मोठे होतात. रंगीत कार्डांवर विसंबू नये. १९१४ पूर्वी पुष्कळशी जर्मनीत छापली जात आणि छपराला कोणता रंग द्यायचा हे गाव न पाहिलेला कारागीर ठरवी. चांदण्या रात्रीची कार्डे तर बहुधा भर दुपारच्या निगेटिव्हवर चंद्र काढून केलेली असतात.

निगेटिव्ह उलटी छापली जाण्याचा दोष सफोकमध्ये चटकन पकडता येतो: समुद्र पूर्वेला, तेव्हा उत्तरेकडे पाहणाऱ्या चित्रात तो उजवीकडेच हवा.

स्थळनामे तपासताना सीमाही पाहाव्यात. काउंटीच्या ईशान्य टोकाच्या लोथिंगलँड भागातील बेल्टन, हॉप्टन ही गावे १९७४ मध्ये नॉरफोकात गेली, पण त्यांची जुनी कार्डे सफोकच्या नावाखाली सापडतात.

व्यंगकार्डे. हॅल्सवर्थ ते साउथवोल्ड ही तीन फुटी रुळांची रेल्वे १८७९ ते १९२९ धावली. तिच्या मंद चालीची साउथवोल्डच्याच व्यंगचित्रकार रेज कार्टरने कार्डांतून यथेच्छ टिंगल केली. पुढे ‘बीनो’ या मुलांच्या चित्रसाप्ताहिकाच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ त्यानेच काढले. ही कार्डे रुळांचा किंवा डब्यांचा पुरावा नव्हेत, प्रवाशांच्या वैतागाचा आहेत.

जतन. पीव्हीसीच्या पाकिटांत कार्ड चिकटते, पॉलिएस्टरची वापरावीत. चिकट पानांचे अल्बम टाळावेत. नोंद पाठीच्या कडेला मऊ पेन्सिलीने करावी. स्कॅन दोन्ही बाजूंचे, किमान ६०० डीपीआयने; पाठ गाळली की तारखेचा निम्मा पुरावा गेला.

डनिचचे ऑल सेंट्स चर्च. पोस्टकार्डांवरून एखाद्या इमारतीचा अंत टप्प्याटप्प्याने लावता येण्याचे हे सर्वांत ठळक उदाहरण. डनिच हे मध्ययुगातील भरभराटीचे बंदर १२८६ च्या वादळापासून खचत गेले. ऑल सेंट्स अठराव्या शतकातच वापरातून गेले होते. १९०४ च्या सुमारास कड्याची कड त्याच्या पूर्व टोकाशी पोचली आणि १९१९ मध्ये पश्चिमेचा मनोरा खाली गेला. हीच वर्षे पोस्टकार्डांच्या सुवर्णकाळाची, त्यामुळे पडझडीचा जवळजवळ प्रत्येक टप्पा विकायला निघाला. पडझड पूर्वेकडून पश्चिमेकडे झाली, म्हणून कार्डे क्रमाने लावताना शिक्के बाजूला ठेवून दक्षिण भिंतीतल्या शिल्लक खिडक्या मोजाव्यात. जास्त खिडक्यांचे कार्ड आधीचे, मग त्याच्यावर १९२० चा शिक्का का असेना. भिंत दिसत नसेल तर मनोऱ्यापासून कड्यापर्यंतचे अंतर पाहावे, पण समुद्राच्या बाजूने खालून घेतलेल्या चित्रात हे अंतर फसवे दिसते. मनोऱ्याचा एक आधारस्तंभ पडण्याआधी हलवून गावातल्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात उभा केला आहे. त्याची रुंदी फुटपट्टीने मोजली की जुन्या कार्डांतल्या मनोऱ्याला मोजमाप मिळते.