कुलमुखत्यारपत्र आणि १८७२ चे कलम २०१

वय झाले की एका मुलाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून ठेवायचे, म्हणजे पुढे भान हरपले तरी बँकेचे आणि फ्लॅटचे काम अडत नाही, असा सर्रास समज आहे. कायदा उलटे सांगतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार पत्र लिहून देणारा मरण पावला किंवा विकल मनाचा झाला की मुखत्याराचा अधिकार संपतो. मालकाला जे स्वतः करता येत नाही ते त्याच्या वतीने दुसऱ्याला कसे करता येईल, हे त्यामागचे तर्कशास्त्र. अर्धांगवायूने हात लुळा पडला पण समज शाबूत आहे, तर पत्र चालते. डिमेन्शियात समज गेली की नाही.

अडचण उघडी पडते ती दस्तनोंदणी करणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. महाराष्ट्रात मुखत्याराने दस्त सादर करताना घोषणापत्र जोडावे लागते: लिहून देणार मयत नाही, पत्र रद्द केलेले नाही, ‘अन्य कोणत्याही कारणामुळे’ ते रद्दबातल ठरलेले नाही. आईला स्मृतिभ्रंश झालेला असताना मुलगा त्याखाली सही करतो, तेव्हा त्याला फक्त मृत्यूचेच कलम दिसते. खोट्या कथनाला नोंदणी अधिनियमाच्या कलम ८२ खाली शिक्षा आहे, हेही त्याच कागदावर छापलेले असते. पुढे भावंडांत वाद झाला की नेमका हाच कागद कोर्टात येतो.

इंग्लंडातही हाच नियम होता. तिथे १९८५ मध्ये भान गेल्यावरही टिकणाऱ्या मुखत्यारपत्राचा कायदा झाला आणि २००७ पासून त्याची जागा सुधारित व्यवस्थेने घेतली. आपल्याकडे मात्र होती ती सोयही गेली. मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या आणि नंतर १९८७ च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालय चौकशी करून मनोरुग्णाच्या मिळकतीसाठी व्यवस्थापक नेमू शकत असे. २९ मे २०१८ पासून त्याच्या जागी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ लागू झाला. त्यात आगाऊ निर्देश (आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवणे) आहेत, आपण नेमलेला नामनिर्देशित प्रतिनिधी आहे, पण दोन्ही उपचारांपुरते. मिळकतीबद्दल अवाक्षर नाही. १८९० चा पालकत्वाचा कायदा अल्पवयीन मुलांपुरता. म्हणून कोमातल्या रुग्णाचे नातेवाईक राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. मुंबई उच्च न्यायालयाने असे पालक नेमले आहेत. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैद्यकीय तपासणी, महसूल अधिकाऱ्याची चौकशी आणि दर सहा महिन्यांनी हिशेब अशी चौकटच घालून दिली.

आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत, समज शाबूत असतानाच करण्याजोगे थोडेच उरते: ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा सूचनेचे संयुक्त खाते, आणि मिळकत मोठी असेल तर खासगी विश्वस्त निधी (ट्रस्ट). नॉमिनेशनचा इथे उपयोग नाही. ते मृत्यूनंतरच लागू होते.