थंडीतला ट्रॅक आणि टायरचे कंपाउंड : पार्श्वभूमी

डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे जाणाऱ्या मोटारसायकलस्वारांना थंड टायर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. पहिल्या वळणांवर पुढचे चाक लाकडी असल्यासारखे वाटते आणि पठार जवळ येईपर्यंत गाडी मोकळी होते. हेच स्वार हिवाळ्यात ट्रॅकवर जाऊ लागले, की पोवई नाक्यावरच्या गप्पांत ‘थंडी आहे, मऊ कंपाउंड (टायरच्या रबराचे मिश्रण) घ्या’ हा सल्ला ठरलेला असतो. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा भाग रबराच्या इतिहासात दडलेला आहे.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि हिवाळ्यात तडकत असे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी गंधक मिसळून ते तापवले, ते हाच दोष घालवण्यासाठी. म्हणजे हवामानाचा प्रश्न टायरपेक्षाही जुना आहे. पुढे काजळी मिसळल्याने रबर टिकाऊ झाले. १९४२ मध्ये जपानने आग्नेय आशियातील मळ्यांचा मुलूख व्यापला, तेव्हा अमेरिकेला कृत्रिम रबराचे उत्पादन झपाट्याने वाढवावे लागले. कृत्रिम रबरात स्टायरीन या घटकाचे प्रमाण वाढवले, की ज्या तापमानाखाली रबर काचेसारखे कडक होते ते तापमान वर सरकते. रबराची पकड वाढते, पण थंडीत ते लवकर आखडते. आजच्या कंपाउंडच्या निवडीचे मूळ या देवघेवीत आहे.

संशोधक के. ए. ग्रोश यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की रबराची पकड काही अंशी पृष्ठभागाला चिकटण्यातून आणि काही अंशी डांबरातल्या खडीवर दबून पुन्हा उसळताना खर्ची पडणाऱ्या ऊर्जेतून येते, आणि दोन्ही गोष्टी तापमान व वेग यांवर अवलंबून असतात. प्रत्येक मिश्रणाची सर्वोत्तम पकड त्यामुळे ठरावीक तापमानातच मिळते. सत्तरच्या दशकात शर्यतींत स्लिक, म्हणजे खाचा नसलेले गुळगुळीत टायर रुळले आणि ही तापमानकक्षा बरीच वर गेली, इतकी की आज असे टायर वॉर्मरच्या ब्लँकेटमध्ये ८०-९० अंशांपर्यंत तापवूनच ट्रॅकवर नेतात. वॉर्मर नसेल, तर ‘मऊ’ हा शिक्का फारसा कामाचा राहत नाही, कारण हे रबर मऊ असते ते तापल्यावर.

याचा पुरावा टायरवरच उमटतो. थंड ट्रॅकवर पंधरा मिनिटे फिरून आल्यावर मागच्या टायरच्या कडेला माशाच्या खवल्यांसारखे उभे, धारदार ओरखडे दिसतात. नीट तापलेल्या टायरचा पोत बारीक वाळूच्या कागदासारखा असतो. खवले पडले म्हणजे वरचा थर तापण्याआधीच फाटला. अशा वेळी अधिक मऊ रेसिंग कंपाउंड लावल्यास तो आणखी फाटण्याचा संभव असतो.

रस्त्यावरच्या टायरना सिलिकाने, म्हणजे वाळूत असणाऱ्या पदार्थाच्या बारीक भुकटीने, नवी वाट दिली. १९९२ मध्ये मिशेलिनने सिलिकायुक्त टायर बाजारात आणले. त्यांत टायर फिरताना होणारा विरोध कमी झाला, तरी ओल्या रस्त्यावरची पकड सुटली नाही. सिलिकायुक्त स्पोर्ट टायर कमी तापमानातही लवकर कामाला लागतात. एकाच टायरमध्ये दोन कंपाउंड घालण्याची रीतही याच गरजेतून आली. जर्मनीतील झाक्सनरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर १३ पैकी १० वळणे डावी आहेत; तिथे टायरची उजवी बाजू लांबलचक डाव्या वळणांत थंड पडते आणि अकराव्या, उजव्या वळणावर भलेभले घसरतात.

आपल्याकडे हा गोंधळ वाढतो तो ट्रॅकच्या अंतरामुळे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक जानेवारीतही उबदार असतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर त्याच महिन्यात पहाटेचा पारा अनेकदा एक आकडी असतो. चेन्नईत जमलेली टायरची जोडी तशीच उत्तरेला नेण्यात अर्थ नाही. वॉर्मर नसलेल्या साताऱ्याच्या स्वाराने तिथे सिलिकायुक्त स्पोर्ट टायर घ्यावेत, हे माझे मत आहे. हवेचेही तसेच. १५ अंशांना ३० पीएसआय भरलेला टायर ६० अंशांना सुमारे ३७ दाखवतो, पण थंडीत तो ६० पर्यंत पोहोचत नाही. म्हणून दुपारचा आकडा सकाळी वापरू नये आणि प्रत्येक फेरीनंतर टायर गरम असतानाच गेज लावावा.