ड्युको गेला, फडकं राहिलं

सोलापुरात सकाळच्या वेळी ‘सात रस्ता’ या चौकातून होटगी रोडकडे चालत निघालं की दर चार घरांमागे एका दारात कुणीतरी गाडी पुसताना दिसतं. अर्धी बादली पाणी आणि जुन्या बनियनचं फडकं. रात्रभर बसलेली धूळ आधी कोरडीच झटकायची, मग फडकं बुचकळून, पिळून, टपापासून खाली जोर लावून पुसत यायचं. पाच मिनिटांत गाडी लख्ख. तीच गाडी दुपारच्या उन्हात तिरकी बघितली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा चमकतात. त्या या पुसण्यानेच पडलेल्या असतात. इतक्या मायेने केलेलं काम गाडीला का बाधतं, हे समजायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. पुसण्याची ही रीत अडाणीपणातून आलेली नाही. ती एका वेगळ्या रंगासाठी घडली होती.

पहिल्या मोटारी रंगवल्या त्या घोडागाड्या रंगवणाऱ्या कारागिरांनी. जवसाच्या तेलातलं व्हार्निश, ब्रशने थरावर थर. एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा देता येत नसे, म्हणून एका गाडीला काही आठवडे लागत. उन्हात हे व्हार्निश पिवळं पडे, तडकेही. त्याला जपण्यासाठी मेण आलं. त्यातलं नाणावलेलं मेण कार्नोबाचं, ईशान्य ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरून खरवडून काढलेलं. कोरड्या हवेत पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाडच ते तयार करतं. ते वितळतं ८० अंश सेल्सिअसच्या पुढे. आपल्या उन्हाळ्यातही ते बॉनेटवर टिकाव धरतं याचं कारण हेच, मात्र टिकतं काही आठवडेच.

खरा बदल कापसाने केला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीकडे नायट्रोसेल्युलोज बनवण्याची मोठी क्षमता रिकामी पडली होती. कापसाच्या आखूड तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतं, आणि युद्धात ते बंदुका-तोफांच्या बिनधुराच्या दारूसाठी लागायचं. त्याच पदार्थापासून झटपट वाळणारं लॅकर निघालं, त्याचं नाव ड्युको. १९२३ मध्ये जनरल मोटर्सने ओकलंड या आपल्या गाड्या निळ्या ड्युकोत रंगवून बाजारात आणल्या आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. १८७७ साली सोलापुरात उभ्या राहिलेल्या जुन्या मिलपासून ज्या गावाने कापसावर संसार केला, त्या गावच्या माणसाला हे वाचून आपलेपणा वाटतो. निदान मला तरी वाटला.

या ड्युकोचा एक स्वभाव होता. फवारा मारून वाळला की तो मंद दिसायचा, चकाकी घासूनच काढावी लागायची. पुढे उन्हापावसाने वरचा थर मरून खडूसारखा पांढुरका व्हायचा. मग रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग बारीक घासणारी पेस्ट, लावून मेलेला थर काढायचा, खालचा ताजा रंग वर आणायचा आणि त्यावर मेण. घासणं हे त्या रंगाचं औषधच होतं. थर जाड असे, आणि वरपासून खालपर्यंत सगळा रंगच.

आपल्याकडे ड्युको हे उत्पादनाचं नाव न उरता कामाचंच नाव झालं. आजही सुतार कपाटाला स्प्रे मारून देतो आणि ‘ड्युको केलाय’ म्हणतो. नंतर लॅकरच्या जागी इनॅमल आलं तरी अॅम्बेसेडर आणि फियाट यांचा रंग असाच एकसंध होता, म्हणून रबिंगची विद्या तशीच चालली. वडिलांची फियाट बदामी होती. वर्षातून दोनदा, खंडेनवमीच्या आधी आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेआधी, अंगणात रबिंग निघायचं. फडकं हळूहळू बदामी व्हायचं आणि तेवढ्यानेच काम नीट चाललंय हे कळायचं. शेवटी रॉकेलचा हात फिरवला की गाडी ओली असल्यासारखी दिसायची. त्या चकाकीवर दुसऱ्याच दिवशी दुप्पट धूळ चिकटायची, हे आम्ही सगळे बघत होतो आणि तरीही तेच करत होतो.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या आणि धातूच्या झळाळीचे रंग गल्लीबोळात दिसू लागले. त्या झळाळीमागे अॅल्युमिनियमचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात. हवा-पाणी लागलं तर ते काळवंडतील, म्हणून रंगावर पारदर्शक क्लिअरकोट चढवावा लागतो. युरोप-अमेरिकेत १९७०-८० च्या दशकांत रुळलेली ही रीत आपल्याकडे नव्वदीत पसरली. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून बारीक. सगळी चकाकी त्याचीच, आणि ऊन झेलण्याचं कामही त्याचंच. तो झिजताना फडक्याला रंग लागत नाही. वडिलांना जी खूण कळायची ती इथे मिळतच नाही. घासणारा घासत राहतो, आणि एक दिवस टपावरचा पापुद्रा निघायला लागतो. तो पॉलिशने भरून येत नाही, गाडी पुन्हा रंगवावीच लागते.

साध्या पांढऱ्या रंगाच्या कित्येक गाड्या मात्र बराच काळ बिनक्लिअरकोटच्याच निघत राहिल्या. आपली कोणती ते बघायचं असेल तर काळ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात हलकं चोळा. फडकं पांढरं झालं तर जुन्या जातीचा रंग.

आता यात सोलापूर घाला. काळ्या मातीची धूळ, खडी आणि सिमेंटची भुकटी, आणि ऊसगाळपाच्या दिवसांत कारखान्यांच्या परिसरात उतरणारी बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, काजळी. दगडाचा कण क्लिअरकोटहून कितीतरी कठीण असतो, त्यामुळे कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरच फिरवणं. नळाला पाणी रोज येत नाही, मग पाणी वाचवायचं तर कोरडं पुसायचं, असा आपला हिशोब. तो चुकीचा म्हणवत नाही. उजनी धरणाचं पाणी भरून ठेवणाऱ्या घरात गाडीवर नळी सोडा म्हणून कुणी सांगू नये. पण दोन बादल्यांत काम होतं: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी दोन-तीन तांबे पाणी टपावरून ओतून कण सैल करायचे. मग फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून कण खाली बसू द्यायचे, आणि मगच ते शाम्पूत बुडवायचं. जोर शून्य.

बोअरचं पाणी असेल तर वेगळं संकट. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार उन्हात थेंबाच्या जागी पांढरे डाग होऊन बसतात, आणि फार दिवस राहिले तर क्लिअरकोटमध्ये खड्डा करतात. म्हणून धुणं सावलीत, सकाळी. धुतलं की लगेच टिपायचं. ताज्या डागावर पाण्यात मिसळलेलं पांढरं व्हिनेगर चालतं, नंतर ते धुवून टाकायचं.

साबणाचंही तसंच. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठीच बनलेलं असतं, आणि गाडीवरचं मेण त्याला तेलकटपणाच वाटतं. मेण लावलं शनिवारी आणि निरम्याने धुतलं पुढच्या रविवारी, तर दोन्ही श्रम वाया.

मधे काही वर्षं ‘टेफ्लॉन कोटिंग’ची लाट आली होती. टेफ्लॉन वितळतं ३२७ अंशांच्या आसपास, तव्यावर ते भट्टीत तापवून बसवतात. गाडीला तेवढी उष्णता देता येत नाही, म्हणून दिसणारी चकाकी त्यातल्या मेणाची आणि पॉलिमरची असे. आत्ताचं सिरॅमिक कोटिंग सिलिकाच्या रसायनावर उभं आहे. ते रंगाशी खरोखर घट्ट बसतं आणि मेणापेक्षा पुष्कळ टिकतं. पण तेही अतिशय पातळ असतं, आणि कोरड्या फडक्यापुढे तेही हरतं.

राहता राहिला टॉवेल. अंगावर धाग्यांचे फासे असलेला टेरी टॉवेल तुर्कस्तानातल्या हातमागावरून इंग्लंडमध्ये गेला, तिथे तो यंत्रावर विणला गेला आणि १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिला. आपल्याकडे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या हातांनी सोलापूर त्याचं गाव झालं, चादरीसारखंच भौगोलिक मानांकन त्यालाही मिळालं. पाणी पिण्यात त्याला तोड नाही. पण फाशांत कण अडकतात आणि शिवलेली कड कडक असते. १९७० मध्ये जपानच्या तोरे कंपनीत अतिसूक्ष्म धाग्यांचं कृत्रिम सुएड, म्हणजे मऊ लवदार चामड्यासारखं कापड, तयार झालं. त्याच धाटणीच्या सूक्ष्म धाग्यांपासून पुढे मायक्रोफायबरची फडकी आली. त्यांचे धागे कण उचलून आपल्यात ओढून घेतात. हे फडकं धुताना सॉफ्टनर घालायचं नाही, नाहीतर धागे लेपले जातात. जमिनीवर पडलं की ते रंगाच्या कामातून बाद.

माझ्या डिकीत दोन्ही असतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आणलेला टॉवेल चाकं, दाराच्या आतल्या कडा आणि पायदानं यांना. मायक्रोफायबर फक्त रंगाला, पाणी टिपायला, आणि तेही न घासता.