मूलभूत अधिकार, निदेशक तत्त्वे व मूलभूत कर्तव्ये : परस्परसंबंध

भारतीय संविधानातील मूलभूत अधिकार (भाग ३, अनु. १२–३५), राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे (भाग ४, अनु. ३६–५१) आणि नागरिकांची मूलभूत कर्तव्ये (भाग ४-क, अनु. ५१-क) यांचे एकमेकांशी असलेले नाते. अधिकाराचा भंग झाल्यास न्यायालयात दाद मागता येते. निदेशक तत्त्वे न्यायालयामार्फत बजावता येत नाहीत. तरी देशाच्या शासनव्यवहारात ती मूलभूत आहेत, असे अनु. ३७ सांगतो. कर्तव्यांबाबत असा खुलासा संविधानात नाही.

या विभागणीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. बहुतेक पाठ्यपुस्तके आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानाकडे बोट दाखवतात. परंतु काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात नागरी स्वातंत्र्ये आणि कामगारांचे संरक्षण ही एकाच पंगतीत होती, तर न्यायालयात बजावता येणारे व न येणारे हक्क हा भेद तेजबहादूर सप्रू यांच्या समितीच्या १९४५ च्या अहवालात आढळतो. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तत्त्वांची तुलना १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली गव्हर्नरांना दिल्या जाणाऱ्या अनुदेशपत्राशी (कारभाराविषयीच्या सूचनांशी) केली. फरक एवढाच की, येथे अनुदेश विधिमंडळालाही आहेत. आशय बराचसा येथल्या चळवळींचा आणि मांडणी आयरिश, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. कर्तव्यांवर सोव्हिएट संविधानाची छाया असल्याचे सांगितले जाते. स्वर्णसिंग समितीने आठ कर्तव्ये सुचवली होती. ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) दहा घातली. करभरणा व शिक्षेची तरतूद या समितीच्या शिफारशी मात्र स्वीकारल्या गेल्या नाहीत. अकरावे कर्तव्य, पाल्याला शिक्षणाची संधी देण्याचे, २००२ च्या घटनादुरुस्तीने आले. त्याच दुरुस्तीने अनु. २१-क हा शिक्षणाचा अधिकारही दिला.

चंपकम दोराईराजन खटल्यात (१९५१) सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वांना अधिकारांपेक्षा दुय्यम ठरवले. केशवानंद भारती (१९७३) आणि विशेषतः मिनर्व्हा मिल्स (१९८०) या निकालांनंतर दोन्ही भागांतील समतोल हाच संविधानाचा पाया मानला जातो. कर्तव्यांवरून थेट रिट (अंमलबजावणीचा न्यायालयीन आदेश) मिळत नाही. पण एखाद्या कायद्याने घातलेले निर्बंध वाजवी आहेत का, हे तपासताना न्यायालये त्यांचा आधार घेतात. कर्तव्य ही अधिकाराची पूर्वअट नव्हे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून ते न गाणाऱ्या विद्यार्थ्यांना शाळेतून काढता येत नाही, हा १९८६ चा निकाल या दृष्टीने मोलाचा आहे.

तिन्ही भाग एकत्र कसे चालतात, हे ठाणे खाडीच्या काठी स्पष्ट दिसते. खारफुटीची श्वसनमुळे चिखलातून वर येतात. डंपरने रात्रीत डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) ओतले की ती गाडली जातात आणि एकही कुऱ्हाड न चालता झाड मरते. ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशापासून मुंबई उच्च न्यायालयात चाललेल्या जनहित याचिकेचा निकाल १७ सप्टेंबर २०१८ रोजी लागला. खारफुटीचा नाश हा अनु. २१ खालील जीविताच्या अधिकाराचा भंग आहे, असे न्यायालयाने म्हटले. तिचे रक्षण करणे हे राज्याचे बंधनकारक कर्तव्य ठरवताना अनु. ४८-क (पर्यावरणरक्षणाचे निदेशक तत्त्व) व ५१-क(छ) (नागरिकाचे कर्तव्य) यांचा आधार घेतला. तोडीवर राज्यभर बंदी आणली. भराव टाकणे थांबवण्यास सांगितले आणि भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामास मनाई केली. सार्वजनिक हिताच्या कामाला न्यायालयाच्या परवानगीची वाट तेवढी ठेवली. ऐरोली, वाशी परिसरात भराव टाकला जात असल्याची तक्रार करणारा रहिवासी आपले कर्तव्य बजावतो, तसा आपला अधिकारही मागतो. याच खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले, २०२२ मध्ये ते रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाले.

मालमत्तेच्या बाबतीत हे नाते अधिक ताणलेले आहे. १९७० पासून नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या, तेव्हा मालमत्ता हा मूलभूत अधिकार होता. ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) तो मूलभूत अधिकारांतून काढून अनु. ३००-क मध्ये हलवला गेला. जानेवारी १९८४ मधील उरण परिसरातील आंदोलनात शेतकऱ्यांचे बळी गेले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीच्या वाटपाविषयीचा अनु. ३९(ख), हे निदेशक तत्त्व, प्रत्येक खासगी मालमत्तेला लागू होत नाही, असे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने ठरवले. तो वाद मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींच्या संपादनातून उभा राहिला होता.