पाणबुडीचा संडास आणि आमची इन्व्हर्टरची बॅटरी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर ओसरला तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत आठवडाभर दोनच वास होते, गाळाचा आणि टीसीएल (म्हणजे ब्लीचिंग) पावडरीचा. जिन्याखालची इन्व्हर्टरची बॅटरी दोन दिवस पाण्यात होती. ती न्यायला आलेल्या मिस्त्रीला मी म्हटलं, "पंचगंगेचं पाणी होतं म्हणून बरं. समुद्राचं असतं तर बॅटरीतूनच हा टीसीएलचा वास सुटला असता." त्याला काही ते पटलं नाही. "पाणी ते पाणी, त्यात खारं-गोडं काय वो?"

मग त्याला यू-१२०६ ची गोष्ट सांगावी लागली.

ही दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी. कप्तान कार्ल-आडोल्फ श्लिट. १४ एप्रिल १९४५ रोजी, पहिल्याच मोहिमेवर असताना, स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ ती सुमारे ६० मीटर खोल होती आणि बुडाली ती संडासामुळे. थट्टा नाही.

पाण्यात दर १० मीटर खाली गेलं की प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलोचा भार वाढतो. ६० मीटरवर सहा किलो. आत मात्र माणसं श्वास घेणार, म्हणून हवा आपल्या घरातल्यासारखीच. आता संडासाचा बाहेर जाणारा पाइप १० सेंटीमीटर व्यासाचा धरा. त्याच्या तोंडावरच्या झाकणावर बाहेरून पावणेपाचशे किलोंचा रेटा येतो. गंगावेशीत धारोष्ण दुधासाठी उभी असते तशी एक अख्खी म्हैस वाटीच्या तोंडाएवढ्या जागेवर! असा पाइप पूर्ण उघडा राहिला तर पाणी ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने आत घुसेल. गच्चीवरची हजार लिटरची टाकी घर्षण धरूनही सात-आठ सेकंदांत भरेल.

म्हणून जुन्या पाणबुड्यांतले संडास खोलवर वापरताच येत नसत. यू-१२०६ मध्ये नवी सोय होती. मैला आधी एका बंद कप्प्यात घ्यायचा, आतला कॉक मिटायचा, मग बाहेरचा उघडून दाबाच्या हवेने सगळं समुद्रात ढकलायचं. क्रम इतका नाजूक की त्यासाठी खास शिकवलेला माणूस बोटीवर असे.

तो क्रम चुकला कसा, याच्या दोन गोष्टी आहेत. जगभर फिरते ती अशी, की कप्तान स्वतःच संडासला गेला, त्याला कॉक जमेनात, मदतीला आलेल्याने आतला उघडा असतानाच बाहेरचा उघडला. श्लिटने स्वतः दिलेला अहवाल मात्र म्हणतो की तो तेव्हा इंजिनाच्या खोलीत डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीत होता आणि बिघाड झाला पुढच्या संडासात. पहिली गोष्ट ऐकायला गमतीची, म्हणून ती जास्त चालते. बोट कप्तानाची, तेव्हा जबाबदारी दोन्हीकडून त्याचीच. पण मला राग येतो तो ती यंत्रणा आखणाऱ्याचा. आपल्या आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरमध्ये वाफच झाकण वर दाबून धरते. आत वाफ असेपर्यंत सुनेने ओढलं काय नि सासूने ओढलं काय, ते उघडत नाही. तशी काही अडकण त्या दोन कॉकांमध्ये असती, तर चुकणाऱ्याला चुकताच आलं नसतं.

खरा घात पाण्याने नाही, मिठाने केला. पाणबुडीत पायाखालच्या फळ्यांखाली बॅटऱ्या होत्या, आणि आत घुसलेलं समुद्राचं पाणी तिथवर पोचलं. आपल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत दोन-दोन व्होल्टचे सहा सेल असतात, या जातीच्या पाणबुडीत १२४. आतला मसाला तोच: शिसं आणि गंधकाचं आम्ल. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यात बहुतेक मीठच. ते आम्लात मिसळलं की मिठातला क्लोराइड मोकळा होतो, आणि धन पट्टीवरचा लेड डायऑक्साइड त्याचा क्लोरिन वायू करून टाकतो. पट्ट्यांमधली वीजही त्याला हातभार लावते. (संडास धुताना ॲसिड आणि टीसीएल एकत्र ओतू नये ते याच कारणाने, तिथेही क्लोरिनच निघतो.) हा वायू हवेच्या अडीच पट जड. तळाशी साचतो, आणि ओलसर घशात-फुप्फुसात गेला की तिथे आम्ल तयार होतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या खंदकांत जर्मनांनी शत्रूवर सोडला होता तोच हा वायू.

पंचगंगेच्या पाण्यात मीठ नावापुरतं, म्हणून आमची बॅटरी नुसती मेली.

यू-१२०६ ला हवेसाठी वर यावंच लागलं. वर ब्रिटिश विमानांनी तिला हेरलं, हल्ला केला; शेवटी श्लिटने बोट सोडायचा हुकूम दिला आणि ती बुडवून टाकली. चार जण गेले, ४६ वाचले. युरोपातलं युद्ध संपायला जेमतेम साडेतीन आठवडे उरले होते.

१९७० च्या दशकात तेलाची पाइपलाइन टाकण्याआधी समुद्राचा तळ तपासताना तिचा सांगाडा सापडला, सुमारे ७० मीटरवर. "मग तो कॉक?" मिस्त्रीने बॅटरी टेम्पोत ढकलत विचारलं. आता उघडा असला काय नि बंद असला काय, म्हटलं, आतबाहेर दाब सारखाच.